माझ्या छपराचा अर्धा इंच

मी एक जुनी हॉट रॉड आहे. जुनी म्हणते खरी, पण मला घडवून अजून वर्षही झालेलं नाही, आणि माझी लांबी वीतभरही नाही. माझ्यात कुणाला बसता येत नाही. माझं इंजिन सुरू होत नाही. तरी मी स्वतःला जुनी म्हणवते, कारण जिच्यावरून मला बनवलं ती खरी गाडी चौसष्ट वर्षांपूर्वी अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डच्या रस्त्यांवरून धावत होती. ती भंगारात गेली, वितळली, तिच्या लोखंडाचं पुढे काय झालं देव जाणे. तिचं म्हणून जगात आता जे काही शिल्लक आहे ते मी.

मित्रांनो, तुम्ही आजवर फाटक्या पुस्तकाचं, मोडक्या छत्रीचं, बंद पडलेल्या घड्याळाचं मनोगत ऐकलं असेल. ती बिचारी सोशिक. झालं गेलं विसरून शेवटी तुम्हाला आशीर्वाद देतात. माझ्याकडून तसली अपेक्षा ठेवू नका. मला राग आलेला आहे, आणि तो सांगितल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

माझा जन्म बेकर्सफील्डला लागूनच असलेल्या ऑइलडेलला, व्हर्लन टॅकेटच्या गॅरेजात झाला. व्हर्लन अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. त्याची गाडी बाहेर उन्हात तापत असते आणि गॅरेजात तीन टेबलं, दोन भिंगं, रंगाच्या शेकडो बाटल्या आणि आम्ही, त्याची मॉडेलं. खोटं कशाला बोलू, त्याच्या हातात कसब आहे. त्यानं मला तीन वेगवेगळ्या खोक्यांतल्या सुट्या भागांतून जुळवलं. अंग १९३४ च्या फोर्ड कूपचं, म्हणजे दोन दारांच्या आटोपशीर गाडीचं. इंजिन दुसऱ्या खोक्यातलं, मागची रुंद चाकं तिसऱ्यातली. इंजिनाच्या वायरी त्यानं जुन्या टेलिफोनच्या तारेतून सोलून काढल्या. माझा रंग हिरवट करडा. इथल्या तेलविहिरींच्या पंपांना तेलकंपनी लावते तसला, कारण खऱ्या गाडीला कंपनीच्याच डब्यातला उरलेला रंग लावला होता. तो रंग साधावा म्हणून व्हर्लननं अकरा वेळा मिश्रण केलं आणि दहा वेळा ओतून दिलं.

असा जीव ओतला त्यानं माझ्यात. म्हणूनच तर राग जास्त येतो. एखाद्या अडाण्यानं मला बिघडवलं असतं तर मी म्हटलं असतं, जाऊ दे, त्याला येत नव्हतं. व्हर्लनला सगळं येत होतं, आणि सगळं माहीतही होतं.

आता माझ्या छपराबद्दल सांगते. सगळं भांडण तिथलं आहे. हॉट रॉड बनवायची म्हणजे जुनी गाडी घ्यायची, मडगार्ड उतरवायचे, इंजिन उघडं टाकायचं आणि छपराचे खांब कापून छप्पर खाली आणायचं. खांब कापणं हे यातलं सगळ्यात अवघड काम. चुकलं तर काच बसत नाही, दार लागत नाही, आणि गावभर हसं होतं ते वेगळंच.

त्या खऱ्या गाडीचे खांब १९६१ साली ओलेटानं कापले. ओलेटा ही व्हर्लनची मोठी बहीण. तेव्हा ती अठरा वर्षांची होती आणि व्हर्लन चौदाचा. त्यांचे वडील हॉलिस टॅकेट तेलविहिरींवर वेल्डिंग करायचे. पाठीला मार लागून ते घरी बसले होते. त्यांनी बादली पालथी घालून तिच्यावर बसावं आणि सांगावं, आणि ओलेटानं करावं, अशी ती गाडी तयार झाली. कापणं तिचं, जोडणं तिचं, भाजलेली बोटंही तिचीच.

तिच्याकडून एक चूक झाली. घरातल्या मोजायच्या फितीचा पहिला अर्धा इंच तुटलेला होता. पुढच्या खांबांना माप घेताना तिनं तो अर्धा इंच आठवणीनं धरला. मागच्या खांबांना तो दोनदा धरला. त्यामुळे पुढून तीन इंच गेले आणि मागून साडेतीन. छप्पर मागे झुकलं. वडील म्हणाले, पुढूनही अर्धा इंच काढ म्हणजे सरळ होईल. ती म्हणाली, नाही, मला असंच आवडलं. पहिले पंधरा दिवस सगळं गाव हसलं. पुढच्या वर्षी आसपासच्या खोऱ्यातली निम्मी पोरं आपापल्या गाड्यांची छपरं मुद्दाम तशी झुकवायला लागली. त्याला लोक 'टॅकेटचा उतार' म्हणायचे.

टॅकेट म्हणजे कोण, हे कुणी विचारलं नाही. गावातल्या 'डेरिक रॉडर्स' या क्लबात तेव्हा बायकांना शर्यतीत गाडी उतरवता येत नसे. म्हणून गाडी आधी वडिलांच्या नावानं उतरली आणि व्हर्लन सोळाचा झाल्यावर त्याच्या. फोटोंमध्ये गाडीच्या बाजूला कधी वडील आहेत, कधी व्हर्लन आहे. ओलेटा एकाही फोटोत नाही, कारण फोटो ती काढत होती. पुढे व्हर्लननं एके दिवशी गाडी बदामाच्या बागेत घुसवली आणि तिचा चुराडा केला. तो वाचला. गाडी वाचली नाही.

हे सगळं मला कसं कळलं म्हणाल, तर ते फोटो माझ्या शेजारीच टेबलावर पसरलेले असायचे, आणि ओलेटाचा रोज फोन यायचा. व्हर्लनचे हात रंगात असल्यामुळे तो फोन मोठ्या आवाजावर ठेवायचा. मग मला काय, शेजाऱ्यांनाही ऐकू जात असेल.

यंदा क्लबला पंचाहत्तर वर्षं झाली. क्लबच्या खोलीत काचेचं एक कपाट आहे. त्यात एक जागा टॅकेट कूपसाठी राखायची असं ठरलं. गाडी तर नाही, मग मॉडेल ठेवू. ते मॉडेल आधी वार्षिक प्रदर्शनातल्या स्पर्धेत उतरवायचं, पहिलं आलं की कपाटात ठेवायचं, आणि पुढ्यात एक कार्ड लावायचं, गाडी कोणी बनवली त्याचं. ओलेटानं हे ऐकलं आणि तिच्या मनात आलं, की बोलून तर कुणाला काही सांगता आलं नाही, निदान ते झुकलेलं छप्पर तरी सांगेल. तिला एवढंच हवं होतं. ब्याऐंशी वर्षांच्या बाईनं मागितलं काय, तर अर्धा इंच. मी खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याची, त्यामुळे माझ्या अंगावर तो अर्धा मिलिमीटर.

व्हर्लननं बारीक करवतीनं माझे चारही खांब कापले. सगळे सारखे. तीन, तीन, तीन आणि तीन मिलिमीटर. त्या संध्याकाळी फोन आला.

"मागचं किती कापलंस रे?"

"तीन."

"साडेतीन होतं."

"ओलेटा, ती चूक होती."

"होती ना? मग कर की."

"अगं, परीक्षक मापं घेतात. मागेपुढे फरक दिसला तर म्हणतील, म्हाताऱ्याचा हात थरथरायला लागला. दहा गुण जातात त्यात."

"तू गाडी बनवतोयस का गुण बनवतोयस?"

"तुला स्पर्धेतलं काही कळत नाही."

"आणि तुला छपरातलं कधी कळलं नाही," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

मला वाटलं, आता तरी याच्या डोक्यात प्रकाश पडेल. छे! त्यानं माझ्या सरळ छपरावर पातळ रंगाचे सात हात दिले आणि ओल्या पॉलिश पेपरनं घासून घासून ते असं चमकवलं, की भिंगातूनसुद्धा सांधा सापडू नये. मित्रांनो, आपल्या अंगावरचं खोटं कुणी इतक्या निगुतीनं घासतंय, हे सोसणं काय असतं, ते मला विचारा. मला तोंड असतं तर त्याच्या बोटाला कडकडून चावले असते.

मार्चमधल्या एका रविवारी जत्रेच्या मैदानावरच्या मोठ्या हॉलमध्ये प्रदर्शन भरलं. काळी कापडं घातलेल्या टेबलांवर आम्ही दोनशे मॉडेलं मांडलेली. स्पर्धेचा पहिला नियम असा, की ज्यानं मॉडेल बनवलं त्याच्याखेरीज कुणीही त्याला बोट लावायचं नाही. परीक्षकसुद्धा हात मागे बांधून वाकतात आणि छोटासा आरसा खाली धरून पोट बघतात. मुख्य परीक्षक रुबेन एस्कोबेडो. व्हर्लनच्याच वयाचा, त्याच्याबरोबर शर्यती केलेला. तो माझ्यापाशी फार वेळ थांबला. पट्टी माझ्या छपराजवळ धरली, काढली, परत धरली. मग पुढच्या मॉडेलकडे गेला.

पहिला नंबर माझा आला. टाळ्या झाल्या. व्हर्लनला पितळी चषक मिळाला. लोक माझ्याभोवती जमले आणि काय रंग, काय काम, असं सुरू झालं. आयुष्यात स्तुती ऐकून सुखावण्याचा हाच एक क्षण, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेलेली. तळपाय म्हणजे टायर म्हणा हवं तर.

मग रुबेन परीक्षकाचा बिल्ला काढून खिशात ठेवत आला.

"व्हर्लन, लेका, काम एक नंबर झालंय," तो म्हणाला. "पण छप्पर सरळ कसं काय? तुमची गाडी मागे झुकलेली होती. शर्यतीत कायम तिचं ढुंगणच बघत होतो मी, मला विसर पडेल होय?"

सगळे हसले. मी श्वास रोखला. एवढी सोपी वाट कुणी कुणाला करून देत नाही. 'ते ओलेटाचं काम' एवढे तीन शब्द बोलायचे होते.

"ते होय?" व्हर्लन म्हणाला. "ती माझीच चूक रे. चौदा वर्षांचं पोरगं, हातात करवत. कापलं जास्त. इतकी वर्षं मनाला लागून राहिलं होतं. म्हटलं, मरायच्या आधी एकदा सुधारावी."

लोक आणखी हसले. कुणीतरी त्याच्या पाठीवर थापही मारली. म्हणजे बघा, कौतुक तर घेतलंच होतं, आता चूकसुद्धा घेतली. तीही चारचौघांत, हसत हसत, मोठेपणाचा आव आणून.

ओलेटा त्याच्या मागेच उभी होती. तिच्या हातात गोल डबा होता. प्रदर्शनाला येताना ती दरवर्षी क्लबच्या लोकांसाठी अक्रोडासारख्या पिकान बियांचा पाई, म्हणजे सारण भरून भाजलेला गोड पदार्थ, करून आणते.

"तुझी चूक?" ती म्हणाली.

व्हर्लन वळला. त्याचं हसू तोंडावर तसंच राहून गेलं.

"अगं, मी आपलं गमतीनं..."

"गाडी बाबांनी बनवली असं म्हणाले, ऐकून घेतलं. मग तू बनवलीस म्हणायला लागले, तेही ऐकून घेतलं. कौतुक काय ते तुम्ही घ्या वाटून, मला काही नको त्यातलं. पण चूक माझी आहे, व्हर्लन. ती तरी राहू दे ना माझ्याकडे!"

"ओलेटा, लोक बघतायत."

"बघू देत. त्यांना तेवढंच जमतं."

तिनं डबा उघडला, पाई बाहेर काढून टेबलावर ठेवला, आणि सरळ मला उचललं. अख्ख्या हॉलनं श्वास आत घेतला. मॉडेल उचललं! आग लागली असती तरी ही माणसं एवढी दचकली नसती. व्हर्लनचे हात पुढे आले आणि तसेच हवेत राहिले, कारण ओढाताण झाली तर मी मोडेन हे त्याला माहीत होतं.

"याला द्या पहिला नंबर," पाईकडे बोट दाखवत ती म्हणाली. "हा तरी जसा आहे तसा आहे."

आणि मला पाईच्या डब्यात घालून ती निघाली. डब्यात लोणी आणि साखरेचा वास होता. खरं सांगते, गॅरेजातल्या रंगाच्या वासापेक्षा मला तो बरा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला व्हर्लन तिच्या दारात. ओलेटा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती. पुढ्यात कॉफी, चष्मा, करवतीचं एक सुटं पातं, नखं घासायची कानस आणि मी.

"शनिवारी ती क्लबच्या कपाटात ठेवायचीय," तो दारातूनच ओरडला. "आण इकडे."

"कॉफी घे."

"कॉफी नको मला! तू काय केलंस काल, कळतंय का तुला? क्लबमधे तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस."

"एका दिवसात एवढं लागलं? मला तर सवय आहे."

तिनं टेबलाच्या खणातून पातळ पोलादी पत्त्यांचा जुडगा काढला. गाडीच्या स्पार्क प्लगमधली फट मोजायला वापरतात तो. एकेका पत्तीवर जाडी कोरलेली असते. तिनं हवी ती पत्ती उलगडली, कागदावर ठेवली आणि म्हणाली, "एका इंचाचे हजार भाग केले, तर त्यातले वीस. बरोबर तेवढाच येतो बघ अर्धा मिलिमीटर. परवा हिशेब केला मी."

व्हर्लननं पत्तीकडे बघितलं. मग करवतीच्या पात्याकडे. मग तिच्या सुजलेल्या बोटांच्या सांध्यांकडे.

"तू तिला कापणार आहेस?" त्याचा आवाज एकदम खाली आला. "ओलेटा, वेडी आहेस का? सात हात रंग आहे तिच्यावर. प्लास्टिक आहे ते. तुला येत नाही प्लास्टिक कापायला."

"पत्रा येत होता."

"आण, मी करतो. खरंच करतो. मागून अर्धा, जसं होतं तसं. दोन दिवस दे."

"नको," ती म्हणाली. "परत म्हणशील, मीच कापलं."

आणि तिनं पातं लावलं. मित्रांनो, मला दुखलं. फार दुखलं. रंगाचा टवका उडाला, मागची काच तडकली, व्हर्लननं डोळे मिटून घेतले. पण मी ओरडले नाही, कारण पहिल्यांदाच कुणीतरी माझ्यावर खरं काम करत होतं. ती कापायची, थोडं घासायची, पत्ती लावून बघायची आणि परत घासायची. असा अर्धा तास गेला.

शेवटी व्हर्लन बोलला. "तेव्हा लोक हसले होते ना, तेव्हा तू रडली होतीस. कोंबड्यांच्या खुराड्यामागे. मी बघितलं होतं. म्हणून काल वाटलं, चूक आपल्या नावावर घ्यावी. तुला बरं वाटेल."

मला त्याही स्थितीत हसू आलं. कसली मखलाशी! चोरी करायची आणि वर सांगायचं, तुझं ओझं हलकं केलं.

ओलेटानं पातं खाली ठेवलं. चष्मा काढला.

"रडले होते," ती म्हणाली. "लोक हसले तेव्हा तू गप्प होतास. ठीक आहे, चौदाचा होतास. वर्षभरानं तेच लोक वाहवा करायला लागले, तेव्हा पण गप्प. पेपरात नाव आलं, गप्प. लग्नात तुझ्या सासऱ्यानं भाषण केलं, हाच तो गाडी बनवणारा म्हणून, मी समोर बसलेली, आणि तू माझ्याकडे बघत गप्प. मी कापून बांधली ती गाडी, व्हर्लन. तू गप्प बसून बांधलीस."

व्हर्लन उठला आणि बाहेर गेला. मला वाटलं, गेला कायमचा. पण तो आपल्या गाडीतून सांधा भरायच्या लुगदीची नळी घेऊन आला, तिच्यासमोर ठेवली आणि बसला. तिनं ती वापरली. वाकडीतिकडी भरली. माझ्या दोन्ही मागच्या खांबांवर करडे डाग उमटले. रंग तिनं लावलाच नाही. छप्पर मात्र झुकलं. मागे, अर्धा इंच, जसं असायला हवं होतं तसं. मी पहिल्यांदा मी झाले.

शनिवारी दोघं मिळून मला क्लबच्या खोलीत घेऊन गेले. आठ-दहा म्हातारे कॉफीच्या यंत्राभोवती बसलेले होते. चिटणिसानं मला बघितलं आणि कपाळाला हात लावला. निकालानंतर हात लावलेलं मॉडेल कपाटात ठेवता येत नाही, नियम आहे म्हणाला. व्हर्लननं पितळी चषक काढून त्याच्या पुढ्यात ठेवला.

"हा परत घ्या," तो म्हणाला. "आणि ऐका. त्या गाडीचं छप्पर ओलेटानं कापलं. फ्रेम तिनं जोडली. इंजिन तिनं बसवलं. मी शेजारी टायरवर बसून मक्याचा पाव खात होतो. मी तिचा एक स्क्रूसुद्धा पिळलेला नाही."

मी वाट बघत होते, की आता हे लोक चकित होतील, हातातले कप खाली ठेवतील, एखादा तरी म्हणेल, काय सांगतोस! कुणीच चकित झालं नाही.

रुबेननं व्हर्लनच्या खांद्यावर हात ठेवला. "आम्हाला माहीत होतं रे," तो अगदी प्रेमानं म्हणाला. "सगळ्यांनाच माहीत होतं. तू कधी बोलतोस याची वाट बघत होतो. म्हणून तर रविवारी विचारलं मी."

दोनतीन जणांनी माना हलवल्या. एकजण डोळे पुसत होता. त्यांना वाटलं, छान झालं सगळं.

"माहीत होतं?" ओलेटानं विचारलं.

"हो ना. तुझ्या हातावरचे भाजल्याचे डाग काय दिसत नव्हते आम्हाला?"

"किती जणांना माहीत होतं?"

रुबेन इकडेतिकडे बघायला लागला. "जुन्या सगळ्यांना," तो म्हणाला.

ओलेटा खुर्चीवर बसली. इतक्या दिवसांत मी तिला बसताना टेबलाचा आधार घेताना पाहिलं नव्हतं. तो तिनं त्या दिवशी घेतला.

"चौसष्ट वर्षं मला वाटत होतं," ती म्हणाली, "की लोकांना माहीत नाही, म्हणून कुणी बोलत नाही. ते सहन होत होतं मला."

रुबेनचा हात व्हर्लनच्या खांद्यावरून आपोआप खाली आला. जो डोळे पुसत होता त्यानं रुमाल खिशात घातला. मग रुबेननं कपाट उघडलं. नियमाचं काय, असं चिटणीस पुटपुटला, पण कुणी लक्ष दिलं नाही. आत एक छापील कार्ड आधीच लावलेलं होतं: 'टॅकेट कूप, १९६१. बनवणार: हॉलिस आणि व्हर्लन टॅकेट.' रुबेननं ते काढलं, उलटं केलं आणि पेनसह ओलेटापुढे ठेवलं.

"तू लिही," तो म्हणाला.

"मी का लिहू?" ओलेटा म्हणाली. "मला माझं नाव पाठ आहे. तुम्ही लिहा."

व्हर्लननं पेन घेतलं आणि तिचं नाव लिहिलं. पाणी येऊन त्याचे डोळे भरले होते, त्यामुळे एक अक्षर वेडंवाकडं आलं. ओलेटानं वाचलं, 'ठीक आहे' म्हणाली आणि पर्स उचलून घरी गेली. तिनं कुणाचे आभार मानले नाहीत. मला ते फार बरं वाटलं.

मित्रांनो, आता मी त्या कपाटात असते. माझ्या मागच्या काचेला तडा आहे, खांबांवर डाग आहेत, आणि माझ्याहून देखणी मॉडेलं शेजारी उभी आहेत. बघायला येणारे म्हणतात, हिचं छप्पर वाकडं आहे. म्हणू देत. माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो व्हर्लनवर जेवढा आहे त्याहून जास्त त्या कॉफी पिणाऱ्यांवर आहे. ती वाईट माणसं नाहीत. त्यांनी ओलेटानं केलेले पाई खाल्ले, ती आजारी पडली तर सूप नेऊन दिलं. सगळं केलं, फक्त बोलले नाहीत.

माझी धूळ पुसा असं मी तुम्हाला सांगणार नाही, ती कुणीही पुसेल. तुमच्या घरात, शाळेत, गल्लीत एखादी वस्तू असेल, जी एकानं केली आणि नाव दुसऱ्याचं झालं. कुणी केली ते तुम्हालाही माहीत असेल. मनात माहीत असून त्या माणसाला काही पोचत नाही. त्याचं नाव तोंडानं घ्या, चारचौघांत घ्या, आणि तो समोर बसलेला आहे तोवर घ्या. ओलेटाला स्वतःचं नाव ऐकायला ब्याऐंशीव्या वर्षापर्यंत थांबावं लागलं, आणि ऐकलं त्याच दिवशी तिला कळलं, की ते सगळ्यांना पहिल्यापासून माहीत होतं.